पॉल सायमनची १९६५ची एकट्याची रेकॉर्ड : इथे कोणी मन लावून ऐकली आहे का?

चाटीगल्ली

गेल्या रविवारी दुपारी आमच्याकडे तीन तास वीज नव्हती. सोलापूरचा एप्रिल, पंखे बंद, गल्लीतली दुकानं अर्धं शटर ओढून बसलेली. मेव्हण्याने काही वर्षांपूर्वी लंडनहून आणलेली एक सीडी मी मोबाइलवर उतरवून ठेवली होती, ती लावली. आधी दोन-तीनदा ऐकली होती, पण शेजारच्या यंत्रमाग कारखान्याच्या खटखटीत. त्या दिवशी मागही थांबले होते. ‘द साउंड ऑफ सायलेन्स’ सुरू झालं आणि मला पहिल्यांदा गाणाऱ्याचा पाय ऐकू आला. ठेका धरायला जमिनीवर पडणारा पाय. ड्रम नाही, बास नाही, दुसरा आवाज नाही. गिटार, गळा आणि पाय.

रेकॉर्डचं नाव ‘द पॉल सायमन साँगबुक’. सायमन अँड गारफंकल ही अमेरिकन गायकांची जोडी बहुतेकांना माहीत असते, ही रेकॉर्ड मात्र फार थोड्यांना. म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

सायमन आणि गारफंकल शाळेपासूनचे मित्र. १९५७मध्ये ‘टॉम अँड जेरी’ या नावाने त्यांचं एक गाणं अमेरिकेच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत ४९व्या क्रमांकापर्यंत गेलं होतं, पण पुढे काही जमलं नाही. ऑक्टोबर १९६४मध्ये दोघांच्या खऱ्या नावाने ‘वेन्सडे मॉर्निंग, थ्री ए.एम.’ ही रेकॉर्ड निघाली, तीही चालली नाही. गारफंकल शिक्षणाकडे वळला आणि सायमन इंग्लंडला गेला. तिथे गावोगावच्या लोकगीतांच्या क्लबांत गिटार घेऊन गायचा. बीबीसीच्या सकाळच्या एका धार्मिक कार्यक्रमात त्याची काही गाणी वाजली, ऐकणाऱ्यांनी विचारणा केली, आणि सीबीएस या रेकॉर्ड कंपनीने त्याला लंडनच्या लेव्हीज स्टुडिओत बसवलं. एक मायक्रोफोन, बारा गाणी.

आता तारखा बघा. १५ जून १९६५ला न्यूयॉर्कमध्ये निर्माता टॉम विल्सन याने जोडीच्या जुन्या ‘साउंड ऑफ सायलेन्स’वर इलेक्ट्रिक गिटार, बास आणि ड्रम चढवले. सायमनला कोणी विचारलंही नाही. त्याच महिन्यात तो लंडनमध्ये तेच गाणं एकट्याने, पाय आपटत गात होता. महिना एक, गाणं एक, मधे अख्खा अटलांटिक. न्यूयॉर्कमधलं गाणं जानेवारी १९६६मध्ये अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं, जोडी पुन्हा एकत्र आली आणि पुढचं सगळं घडलं. लंडनमधलं फक्त इंग्लंडमध्ये निघालं आणि मागे राहिलं. १९७९मध्ये सायमनने स्वतः सांगून ही रेकॉर्ड बाजारातून काढून घ्यायला लावली. सीडीवर ती आली थेट २००४मध्ये.

या रेकॉर्डला पुढच्या गाण्यांचा कच्चा खर्डा म्हणतात, ते मला मान्य नाही. ‘आय अ‍ॅम अ रॉक’ घ्या. ड्रम लावलेलं, गाजलेलं ध्वनिमुद्रण ऐकताना मान डोलते. मला कोणाची गरज नाही असं म्हणणारा माणूस तिथे चांगल्या सोबतीत उभा असतो. इथे तो खरोखर एकटा आहे, तारांवर जरुरीपेक्षा जोरात हात मारतोय, आणि त्याच्या म्हणण्यावर माझा विश्वास बसत नाही. तो बसू नये हेच तर त्या गाण्यात आहे. इतकी वर्षं हे गाणं ऐकतोय, ते मला कळलं या रेकॉर्डवर.

पूर्ण ऐका, क्रमाने ऐका, आणि काय वाटलं ते लिहा. मला मनापासून जाणून घ्यायचं आहे.

विजापूरवेस

धाग्याबद्दल आभार. मी जोडीची सगळी गाणी ऐकली आहेत, ही रेकॉर्ड मात्र माहीत नव्हती. एक शंका. गारफंकलचा वरचा आवाज काढून घेतला तर उरतं काय? सायमनचा गळा चांगला असेल, पण तो काही मोठा गायक नाही.

चाटीगल्ली

विजापूरवेस, तो मोठ्या गळ्याचा गायक नाही, खरं आहे. पण ही गाणी त्याने लिहिली आहेत, आणि शब्द ज्याचे आहेत त्याच्या तोंडून ते ऐकताना थांबण्याच्या जागा वेगळ्या येतात. कवी स्वतःची कविता वाचतो तेव्हा जसं होतं तसं. आवाज साधा असतो, पण कुठे दम घ्यायचा ते त्यालाच माहीत असतं.

सहा_तारा

मी सात रस्त्याजवळ मुलांना गिटार शिकवतो. ही रेकॉर्ड मी विद्यार्थ्यांना मुद्दाम ऐकवतो, म्हणून राहवलं नाही.

आधी मायक्रोफोनबद्दल. गळ्याला एक आणि गिटारला एक असे दोन माईक असले तर नंतर गळा वर करता येतो, गिटार खाली करता येते. इथे दोन्ही एकाच माईकमध्ये शिरतात, त्यामुळे नंतर दुरुस्तीला वाव नाही. शब्द पुढे आणायचा असेल तर वाजवणाऱ्याने त्याच क्षणी बोटं हलकी करायची. ‘केथीज साँग’मध्ये हे लक्ष देऊन ऐका. ओळ संपली की गिटार किंचित भरते, ओळ सुरू झाली की मागे सरते. तबल्याची साथ चांगली असली की गायकाला जशी जागा मिळते तशी जागा तो स्वतःच स्वतःला देतोय. माझे विद्यार्थी मोबाइल समोर ठेवून स्वतःला रेकॉर्ड करतात तेव्हा त्यांचीही हीच परीक्षा असते.

त्याच्या उजव्या हाताची पद्धत अशी : अंगठा खालच्या सुरांच्या तारांवर आलटून-पालटून चालतो, घड्याळासारखा, आणि बाकीची बोटं वरच्या तारांवर चाल काढतात. ऐकणाऱ्याला दोन गिटारी वाटतात. ही पद्धत तो अमेरिकेतून घेऊन आला होता, पण इंग्लंडमध्ये तो लोकगीतं गाणाऱ्या मार्टिन कार्थीसारख्यांच्या सहवासात आला, तिथल्या डेव्ही ग्रॅहम या गिटारवादकाची ‘अँजी’ ही गिटारची रचना त्याने हातात बसवली. त्याच्या वाजवण्यात त्यानंतर जी धार आली ती इथे उघडी दिसते, कारण तिच्यावर पांघरूण घालायला काही नाही.

आणि एक तुलना करून बघा. ‘एप्रिल कम शी विल’ हे छोटंसं गाणं, एका प्रेमाचे एप्रिल ते सप्टेंबर असे महिने. जोडीच्या रेकॉर्डवर ते गारफंकल एकटा गातो, आणि फार सुंदर गातो. ऋतू जसे आपोआप येतात-जातात तसं ते प्रेम येतं आणि जातं. इथे तेच गाणं सायमन गातो. त्याच्या आवाजात पहिल्या ओळीपासून सप्टेंबर आहे. शेवट काय होणार हे माहीत असलेला माणूस सुरुवात सांगतोय. मला दोन्ही हवीत, पण रात्री उशिरा मी हेच लावतो.

विजापूरवेस

सहा_तारा, ‘एप्रिल’ दोन्ही ऐकलं. तुमचं पटलं. शंका मागे घेतो, निदान या गाण्यापुरती.

बाळीवेस_माहेर

मी इथे फार लिहीत नाही. पण यातलं ‘अ मोस्ट पिक्युलिअर मॅन’ ऐकलं आणि दोन दिवस ते डोक्यातून गेलं नाही.

ज्यांनी ऐकलं नसेल त्यांच्यासाठी : एकटा राहणारा, कोणाशी न बोलणारा एक भाडेकरू गॅस सुरू ठेवून जीव देतो, आणि शेजारची बाई सांगते की माणूस फार विचित्र होता. लंडनच्या वर्तमानपत्रात आत्महत्येची चार ओळींची बातमी वाचून सायमनने हे लिहिलं. एका माणसाला चारच ओळी, हे त्याला लागलं असावं.

आमच्या माहेरच्या वाड्यात मागच्या खोलीत एक गृहस्थ राहायचे. गिरणीत हिशेबाचं काम करायचे. गिरणी बंद पडली आणि त्यानंतर ते कोणाकडे गेले नाहीत, कोणी त्यांच्याकडे आलं नाही. सकाळी नळाला पाणी आलं की एक घागर भरायचे आणि दार लावून घ्यायचे. माझी आई सणाला ताट पाठवायची, तर ताट धुऊन, पुसून, वर दोन लिंबं ठेवून परत यायचं. बोलणं नाही. ते झोपेतच गेले. चौकातल्या फळ्यावर खडूने नाव लिहिलं गेलं, संध्याकाळी पावसाने ते पुसलं. आणि वाड्यातली आम्ही सगळी, मीसुद्धा, एवढंच म्हणालो, ‘जरा वेगळाच होता माणूस.’ गाण्यातली बाई म्हणते तेच, शब्दाला शब्द. मी तेव्हा सतरा वर्षांची होते. ती लिंबं कशासाठी असायची हे मी कधी विचारलं नाही याचं मला आता वाईट वाटतं.

पण चाटीगल्ली, तुमच्याशी थोडी असहमत आहे. हे गाणं मी दोन्हींकडे ऐकलं. मला जोडीचं जास्त खरं वाटलं. दोन आवाज एका सुरात तेच तेच म्हणतात तेव्हा दोन शेजारी जिन्यात उभे राहून बोलतायत असं वाटतं. चुकीचं बोलत नाहीत, वाईटही बोलत नाहीत, नुसते बोलतात. एकटा सायमन गातो तेव्हा तो त्या माणसाच्या बाजूने आहे हे लगेच कळतं. मला वाटतं त्या माणसाच्या बाजूने कोणीच नव्हतं.

चाटीगल्ली

ताई, तुमचं लिहिलेलं दोनदा वाचलं. या गाण्याबद्दल तुम्ही म्हणता तेच बरोबर आहे. मी हा कान लावून कधी ऐकलं नव्हतं.

बार्शीकर

सगळे प्रेमाच्या आणि एकटेपणाच्या गाण्यांवर बोलताय. मला ‘अ चर्च इज बर्निंग’वर बोलायचं आहे, कारण ते जोडीच्या एकाही स्टुडिओ रेकॉर्डवर नाही. अमेरिकेच्या दक्षिणेत काळ्या लोकांची चर्चं जाळली जात होती, त्यावरचं हे गाणं. यातली गिटार मला डफासारखी वाटते. मी अमर शेखांच्या गावचा माणूस, माझ्या कानाला ही सवय आहे. शाहीर उभा राहिला की मागे काय वाद्यं आहेत ते कोणी मोजत नाही. आवाज चढतो, माणसं उभी राहतात. सायमनचा आवाज चढत नाही तेवढा, तो स्वभावाने घरात गाणारा आहे. तरी इथे त्याने जोर लावलाय.

त्याहून महत्त्वाचं ‘ही वॉज माय ब्रदर’. समान हक्कांसाठी लढताना मारल्या गेलेल्या तरुणाचं हे गाणं त्याने आधीच लिहिलं होतं, मार्च १९६४मध्ये जोडीने ते ध्वनिमुद्रितही केलं होतं. २१ जून १९६४ला मिसिसिपीमध्ये जेम्स चेनी, अँड्र्यू गुडमन आणि मायकेल श्वेर्नर या तिघांना मारलं. काळ्या लोकांच्या मतदार नोंदणीसाठी गेलेली ही पोरं. यातला गुडमन क्वीन्स कॉलेजात सायमनच्या ओळखीचा होता. वर्षभराने लंडनमध्ये गाताना सायमनने ओळ बदलली. आधी नुसतं ‘हे गाव’ होतं, तिथे त्याने मिसिसिपीचं नाव घातलं.

एवढाच बदल. पण आम्ही १२ जानेवारीला चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांपाशी जातो तेव्हा नावं मोठ्याने घेतली जातात : मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे. १९३१मध्ये इंग्रजांनी येरवड्याला दिलेली फाशी. ‘चार जण’ म्हटलं तर इतिहास होतो, नावं घेतली की अंगावर येतं. गावाचं नाव घेण्यात तीच ताकद असते. जोडीच्या रेकॉर्डवर त्या गाण्यात दुःख आहे, इथे पत्ता आहे. ज्याला हे ध्वनिमुद्रण कच्चा खर्डा वाटतं त्याने एवढी एक ओळ शेजारी-शेजारी ठेवून ऐकावी.

कुंभारी_रोड

सगळ्यांना नमस्कार. काका, तुमचा धागा वाचून तीन दिवस कामावरून येताना गाडीवर हेच ऐकलालो. खरं सांगू का, मला फिकं वाटलालंय. राग मानू नका. सलग बारा गाणी नुसती गिटार. सातव्या-आठव्या गाण्याला सगळं एकसारखं वाटायला लागतं. आणि ते ‘सिंपल डेसल्टरी फिलिपिक’ तर का ठेवलंय कळलं नाही. बॉब डिलनची नक्कल आहे म्हणे, पण ज्याला ते संदर्भ माहीत नाहीत त्याला काय मिळणार? ‘लीव्हज दॅट आर ग्रीन’ आवडलं. एकवीस वर्षांचा होतो तेव्हा लिहिलं, आता बावीसचा आहे, असं सुरू होतं. मीपण बावीसचाच आहे ओ. एवढं एक गाणं ठेवलंय मोबाइलमध्ये.

चाटीगल्ली

राग कसला? तीन दिवस दिलेस, हेच खूप आहे. ‘फिलिपिक’ कमकुवत आहे, मलाही आवडत नाही. त्या वेळचे राजकारणी आणि गायक यांची नावं एकापाठोपाठ ओवली आहेत. ते त्या वर्षाचं गाणं होतं आणि त्या वर्षाबरोबर गेलं. पुढे जोडीच्या रेकॉर्डवरही त्याने ते घेतलं, तिथेही मी ते पुढे ढकलतो.

सलगपणाबद्दल मात्र थोडं बोलतो. गाडीवर वाऱ्याच्या आवाजात ही रेकॉर्ड टिकत नाही. तिच्यात जे घडतं ते फार बारीक आहे : श्वास, तारेवरून सरकणारं बोट, पाय. खोलीत बसून एकदा ऐक. तरीही फिकी वाटली तर वाटली.

आणखी एक गोष्ट मूळ पोस्टमध्ये लिहायची राहून गेली. या रेकॉर्डच्या वेष्टणावर सायमनने स्वतः एक छोटं टिपण लिहिलं आहे. त्यात तो सांगतो की यातली काही गाणी आज त्याने लिहिली नसती, त्यांच्यावर त्याचा आता पूर्वीसारखा विश्वास नाही, तरी तिथून इथवर येताना ती महत्त्वाची होती म्हणून ठेवली. आणि मागे वळून कोणा दुसऱ्याने केलेलं काम बघावं, मग लक्षात यावं की तो दुसरा आपणच होतो, हे त्रासाचं असतं, असंही म्हणतो. हे लिहिताना तो तेवीस वर्षांचा होता! बाहेरच्या फोटोत तो मैत्रिणीबरोबर, केथीबरोबर, लंडनच्या दगडी फरसबंदीवर बसलाय, समोर लाकडी खेळणी. एवढा तरुण माणूस स्वतःच्या दोन वर्षांपूर्वीच्या गाण्यांचा निरोप घेतोय. १९७९मध्ये त्याने रेकॉर्ड काढून घ्यायला लावली, त्याची सुरुवात मला या टिपणातच दिसते.

विजापूरवेस

मग प्रश्न असा : ज्याने केलं तोच म्हणतो की हे बाजूला ठेवा, तर आपण ऐकावं का?

बार्शीकर

२००४ला त्याच्याच हयातीत सीडी निघाली. म्हणजे त्याने परत दार उघडलं. ऐकावं.

बाळीवेस_माहेर

मला वाटतं लिहिणाऱ्याला स्वतःचं जुनं लिखाण नकोसं वाटणं आणि ते लिखाण वाईट असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. माझ्या आईला तिचे लग्नातले फोटो आवडत नाहीत. मला त्यातलीच ती सगळ्यांत जास्त आवडते.

सहा_तारा

ताई, अगदी. आणि ‘द साइड ऑफ अ हिल’चं काय झालं ते बघा. टेकडीच्या उतारावर पुरलेलं एक लहान मूल आणि आपली बंदूक पुसणारा सैनिक, असं युद्धाविरुद्धचं छोटं गाणं. सायमनने ते टाकून दिलं नाही. १९६६मध्ये त्यातले शब्द नव्या चालीत घेऊन जोडीने गायलेल्या ‘स्कारबरो फेअर’ या जुन्या लोकगीताच्या पोटात ‘कँटिकल’ म्हणून विणले. जगभर लोकांनी ते ऐकलं, पण वरची जुनी चाल इतकी गोड आहे की खाली युद्ध चाललंय हे बहुतेकांच्या कानाला लागलंच नाही. ते शब्द उघड्यावर, एकटे ऐकायचे असतील तर जागा हीच.

चाटीगल्ली

सहा_तारा, हे मला माहीत होतं, पण ‘पोटात विणले’ असं कधी वाटलं नव्हतं. आता ‘स्कारबरो फेअर’ वेगळंच ऐकू येणार.

एक सुचवतो. येत्या रविवारी दुपारी एक वाजता माझ्या घरी या. शेजारचा कारखाना तेव्हा जेवणासाठी थांबतो, शांतता असते. चांगल्या स्पीकरवर सीडी लावू. ज्यांना जमेल त्यांनी निरोप टाका, पत्ता कळवतो. शेंगाचटणी आणि कडक भाकरी असेल.

कुंभारी_रोड

येतो काका.

चाटीगल्ली (रविवारी रात्री)

आम्ही पाच जण जमलो. बार्शीकर एसटीने आले, सहा_तारा गिटार घेऊन आले. सगळी बारा गाणी क्रमाने ऐकली, मधे आमच्यापैकी कोणी बोललं नाही.

माझे वडील दाराशी खुर्ची टाकून बसले होते. त्यांनी चाळीस वर्षं माग चालवला, आधी हाताचा, मग विजेचा. इंग्रजी त्यांना येत नाही, आणि अशा गाण्यांत त्यांना कधी रस नव्हता. ‘साउंड ऑफ सायलेन्स’ चालू असताना ते जरा पुढे झुकले. गाणं संपल्यावर म्हणाले, ‘गळा इकडंतिकडं होतोय ह्याचा, पाय नाही चुकत.’ मग त्यांनी तेच गाणं पुन्हा लावायला सांगितलं. हातमागावर पाय चुकला की पुढचा धोटा, म्हणजे आडवा धागा नेणारी नळी, अडतो, हे ते आम्हाला लहानपणी सांगायचे. दुसऱ्यांदा ऐकताना त्यांचा उजवा पाय चपलेतून बाहेर आला होता आणि फरशीवर हलत होता.

शेवटचं ‘पॅटर्न्स’ सुरू झालं आणि जेवणाची सुट्टी संपली. भिंतीपलीकडे माग सुरू झाले. मी आवाज वाढवायला उठलो तर वडिलांनी हातानेच नको म्हटलं. तसंच ऐकलं, निम्मं गाणं, निम्मे माग.

कुंभारी_रोड

काका, घरी येऊन परत लावलं. तो पाय आता सारखा ऐकू येऊलालाय ओ. आधी कसा नव्हता आला? बाकीची अकरा गाणीपण परत घेतली मोबाइलमध्ये. ‘फिलिपिक’ सोडून.